ऑनलाईन क्लासच्या चर्चेत कसं वागायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर बॅचला नवीन लोक येतात आणि प्रश्न तेच येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. माझं काम ऑनलाईन कोर्समधल्या चर्चा सांभाळायचं, म्हणजे शिकवणारे वेगळे, मी मधली, कोणाची शंका तशीच राहिली, कोण कोणावर घसरलं, कोणी उत्तरं फोडली हे बघणारी. कॉलेजचा गुगल क्लासरूम असो, केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचा कोर्स असो, मुक्त विद्यापीठाचा झूम तास असो नाहीतर नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, माणसं तीच आणि भांडणंही तीच.

आम्ही सरांशी एकदम रिस्पेक्टने बोलतो, मग अजून वेगळे मॅनर्स कसले?

तिथेच तर गोची आहे. सरांना 'आदरणीय सर', 'सर एक नम्र विनंती', वर हात जोडलेले तीन इमोजी, आणि त्याच्याच खाली कोणी साधा प्रश्न विचारला की 'हे पहिल्याच लेक्चरला झालं, झोपला होतात का?' आपली अदब वर बघून चालते, शेजारी बघून नाही. शाळेत सर आले की उभं राहायला सगळ्यांना शिकवलं पण बाकावरच्याचं बोलणं पूर्ण होऊ दे मग तू बोल हे किती जणांना शिकवलं असेल काय माहीत. आणि चर्चा ही मुळात सोबतच्या लोकांशीच असते, सर आठवड्यातून दोनदा डोकावणार, बाकीचा वेळ तुम्हीच एकमेकांना. त्यामुळे खालचं बहुतेक सगळं सोबतच्यांशी वागण्याबद्दल आहे, सरांशी कसं बोलायचं ते तुम्हाला येतंच.

पहिल्या दिवशी ओळख करून द्या म्हणतात, काय लिहायचं?

नाव, हा कोर्स का घेतला, सध्या काय करता, बस. तीन-चार ओळी. फोन नंबर टाकू नका, पत्ता टाकू नका.

आता खरा मुद्दा. कोणी फक्त पहिलं नाव लिहिलं की खाली लगेच 'पूर्ण नाव?', 'आडनाव काय?', 'मूळ गाव कोणतं?' सुरू होतं. विचारणारा म्हणतो सहज विचारलं. पण आपल्याकडे आडनाव आणि गाव सहज विचारलं जात नाही हे विचारणाऱ्याला पण माहीत असतं आणि ज्याला विचारलं त्याला तर पक्कं माहीत असतं. त्याने एवढंच लिहिलंय ना, मग तेवढंच नाव पुरे. एक चांगलं पोस्ट लिहिणारी मुलगी आडनावाच्या प्रश्नानंतर परत चर्चेत दिसलीच नाही, असं झालेलं मी बघितलंय, आणि ते कोणाच्या लक्षात पण येत नाही कारण गप्प झालेला माणूस ऑनलाईन दिसतच नाही. तसंच 'कोणत्या कॅटेगरीतून अ‍ॅडमिशन?', 'स्कॉलरशिपवाले का?' हे पण. हे चुकून सुद्धा नको.

सगळ्यांना तू म्हणू की तुम्ही?

तुम्ही. समोरचा स्वतःहून 'अरे तू म्हण' म्हणाला की मग तू. मुक्त विद्यापीठाच्या एकाच वर्गात बारावी झालेला पोरगा असतो, अंगणवाडी सेविका असते, रिटायर झालेले कंडक्टर काका असतात, आणि डीपी फुलाचा असला की वय काय कळणार.

बरं, तुम्ही म्हणा याचा अर्थ काका-काकू म्हणा असा नाही हां. अडतीस वर्षांच्या बाईला चोवीस वर्षांच्या घोड्याने 'काकू' म्हटलं की पुढची चर्चा विषयावर राहत नाही. मावशी पण नको. नाव घ्या आणि पुढे जी किंवा ताई-दादा लावा, तेही जमत नसेल तर नुसतं 'तुम्ही वर म्हणालात ते' असं लिहिलं तरी चालतं. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक मुलींना पण 'काय म्हणालास' म्हणतात आणि विदर्भातला 'बे' पुण्यातल्याला झोंबतो, ही बोलायची पद्धत आहे, शिवी नाही, पटकन अंगावर जाऊ नका. पण ज्याची ती पद्धत आहे त्यानेही लक्षात ठेवावं की इथे चेहरा दिसत नाही आणि हेल ऐकू येत नाही, नुसती अक्षरं दिसतात.

'सर डाऊट आहे' असं लिहिलं, दोन दिवस झाले, कोणी उत्तरच देत नाही.

कारण डाऊट काय आहे तेच लिहिलं नाहीये. मग कोणीतरी विचारणार कोणता डाऊट, तुम्ही संध्याकाळी सांगणार चौथा प्रश्न, मग परत कोणीतरी विचारणार कोणत्या आठवड्याचा चौथा, यातच दोन दिवस जातात. पहिल्याच फटक्यात लिहा: कितवा आठवडा, कितवा प्रश्न, मी इथपर्यंत केलं, इथे अडलं. 'इथपर्यंत केलं' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, त्यातून समोरच्याला कळतं की याला तयार उत्तर नकोय, समजून घ्यायचंय, आणि अशाला मदत करायला लोक आपणहून येतात.

शीर्षकात 'हेल्प!!! अर्जंट' लिहू नका. एनपीटीईएलच्या, म्हणजे स्वयमवरच्या आयआयटीवाल्यांच्या, मोठ्या कोर्सला हजारो लोक असतात, त्यात निम्म्यांचं शीर्षक अर्जंट असलं तर अर्जंट कोणाचंच नाही. 'आठवडा ३, प्रश्न ४, सरासरी काढताना भाजक कोणता घ्यायचा' असं शीर्षक दिलं की ज्याला येतं तो बरोबर तिथे येतो आणि पुढच्या वेळी ज्याला तीच शंका येईल त्याला शोधल्यावर सापडतं. विचारायच्या आधी दोन मिनिटं तुम्ही पण शोधा, बऱ्याच वेळा तुमचीच शंका कोणीतरी तीन दिवसांपूर्वी विचारून मोकळा झालेला असतो.

वहीच्या पानाचा फोटो टाकणार असाल तर सरळ धरून, उजेडात, आणि खाली दोन ओळी टाईप करून. आडव्या फोटोसाठी मान वाकडी करायला लावू नका लोकांना.

असाईनमेंटची उत्तरं ग्रुपवर टाकली, मदतच केली ना?

नाही. स्वयम-एनपीटीईएलच्या कोर्सला फायनल स्कोअरमध्ये २५ टक्के असाईनमेंटचे असतात आणि ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे, आणि सर्टिफिकेट मिळायला दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. म्हणजे तुम्ही उत्तरं वाटून ज्यांचे २५ वाचवले ते परीक्षेच्या हॉलमध्ये ७५ साठी एकटेच बसणार. डेडलाईनच्या आधी उत्तर टाकणं नियमात पण बसत नाही, अशी पोस्ट काढली जाते. डेडलाईन झाल्यावर मात्र खुशाल टाका, पद्धतीसकट, उलट तेव्हाची चर्चा सगळ्यात चांगली होते.

डेडलाईनच्या आधी मदत करायचीच असेल तर हिंट द्या. 'दुसऱ्या लेक्चरच्या शेवटचं उदाहरण बघा' एवढं सांगितलं तरी अर्ध्या लोकांचं काम होतं.

एआयकडून पोस्ट लिहून घेतली तर कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. काल 'सर नेक्स्ट लेक्चर कधी हाय' लिहिणारा आज 'सदर विषयाचे विविध पैलू विचारात घेता' लिहायला लागला की काय ते समजायचं. पण पकडलं जाण्यापेक्षा वेगळीच गोष्ट मला खटकते. सोबतचा विद्यार्थी तुमची पाचशे शब्दांची पोस्ट वाचायला स्वतःची दहा मिनिटं घालवतो, त्यावर विचार करून उत्तर देतो, आणि तुम्ही तर ती वाचलेली पण नसते. हा त्याचा अपमान आहे. भाषा नीट करायला, इंग्रजी शब्द शोधायला वापरा, माझी काही ना नाही, कोर्सचा नियम काय आहे तो आधी बघा आणि वापरलं असेल तर तसं एका ओळीत सांगा. मुद्दा तुमचा असू दे, मोडकातोडका का असेना.

कोणीतरी चुकीचं लिहिलंय, सांगायचं कसं?

सांगायचंच, गप्प बसणं हे काही सौजन्य नाही, कारण ती चूक वाचून बाकीचे तेच लिहितात. फक्त माणसाला नाही, वाक्याला उत्तर द्यायचं.

उदाहरण घेऊ. अर्थशास्त्राच्या चर्चेत कोणी लिहिलं, 'रोजगार हमी ही केंद्राची योजना, २००५ ला सुरू झाली.' यावर एक उत्तर असं येतं, 'आधी अभ्यास करून या.' चर्चा खल्लास, लिहिणारा खल्लास. दुसरं उत्तर असं येऊ शकतं, '२००५ चा कायदा केंद्राचा, हे बरोबर आहे. पण महाराष्ट्रात हे त्याच्या बऱ्याच आधी होतं, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी कल्पना मांडली, १९७२ च्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर कामं निघाली, आपला राज्याचा कायदा १९७७ चा आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. तुम्ही त्या केंद्राच्या कायद्याबद्दल, मनरेगाबद्दल म्हणताय का?' बघा, आधी त्यातलं काय बरोबर आहे ते सांगितलं, मग कुठे गडबड आहे ते, आणि शेवटी त्याला बोलायला जागा ठेवली. आता तो माणूस सरळ म्हणू शकतो की हो, मला मनरेगाच म्हणायचं होतं. त्याची लाज गेली नाही.

आणि असं झालं की मग तिसरं कोणीतरी येतं जे आतापर्यंत एक अक्षर बोललेलं नसतं, आणि लिहितं की आमची आजी त्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, ती अजून सांगते. हे कुठल्या पीडीएफमध्ये मिळणार तुम्हाला? 'अभ्यास करून या' वाल्या चर्चेत ही आजी कधीच येत नाही.

एक अजून, पूर्ण पोस्ट कॉपी करून खाली 'चूक' लिहू नका. ज्या ओळीबद्दल बोलताय तेवढीच ओळ उचला. आणि एकाने दुरुस्त केलं असेल तर बाकी नऊ जणांनी येऊन परत तेच दुरुस्त करू नये, तो धडा नाही, ती धुलाई होते.

शुद्धलेखन सुधारू का?

मराठी व्याकरणाचा कोर्स असेल तर हो. नाहीतर नाही. 'आनी', 'पानी', 'शिक्शण' लिहिलेल्या माणसाचा मुद्दा तुम्हाला कळला ना? मग मुद्द्यावर बोला. न-ण वरून टोमणा मारणाऱ्याला वाटतं तो भाषा वाचवतोय, प्रत्यक्षात तो घरात पहिल्यांदा कॉलेजला पोचलेल्या पोराला सांगत असतो की तुझं इथे काम नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर जाऊच द्या, फोनचा कीबोर्ड जे देतो ते लोक ठोकतात. अर्थ बदलत असेल तेवढंच विचारा, 'दिन म्हणायचंय की दीन?' इतकं.

मराठीत लिहू, इंग्रजीत लिहू की इंग्रजी अक्षरांत मराठी?

कोर्सची भाषा मराठी असेल तर देवनागरी, जमेल तशी. इंग्रजी अक्षरांतली मराठी वाचायला त्रास होतो हे एक, पण दुसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असतात, ते स्क्रीन रीडरवर ऐकतात. देवनागरी मराठी तो बऱ्यापैकी वाचतो, रोमनमधली मराठी मात्र इंग्रजी समजून असले काही उच्चार करतो की डोक्याला हात लावावा. टाईप करायचा कंटाळा असेल तर बोलून टाईप करा, फोनमध्ये मराठी व्हॉइस टायपिंग असतं. पाठवायच्या आधी एकदा वाचा एवढंच.

त्याच कारणाने फोटो टाकला की त्यात काय आहे ते एका ओळीत लिहा. आणि सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज, कृपा करा, नको.

कॅपिटलमध्ये लिहिलं की ओरडल्यासारखं वाटतं म्हणतात, मराठीत काय?

इंटरनेटवरच्या वागणुकीची एक जुनी नियमावली आहे, आरएफसी १८५५, ऑक्टोबर १९९५ ची, त्यात हे कॅपिटलचं लिहिलेलंच आहे. मराठीला कॅपिटल नाहीत म्हणून आपण सुटलो असं नाही, आपण चार उद्गारचिन्हं, सगळं बोल्ड आणि लाल इमोजी यातून ओरडतो. 'कळलं का???' हे तीन प्रश्नचिन्हांसकट वाचून बघा म्हणजे समजेल.

थँक यू सर पण लिहायचं नाही का मग?

लिहा की, पण साठ जणांनी साठ वेळा नको, त्याच्याखाली परीक्षेची तारीख गाडली जाते. अंगठा नाहीतर हार्ट दाबा, झालं. जिने तुमची शंका सोडवली त्या मुलीला मात्र नाव घेऊन थँक्स म्हणा, तिला कोणी म्हणत नाही.

कॅमेरा चालू ठेवायलाच पाहिजे का?

शिक्षकांनी सांगितलं असेल तर, नाहीतर तुमच्यावर. एका खोलीत पाच माणसं राहतात, मागे आई जेवण करतेय, डेटा संपत आलाय, अशी शंभर कारणं असतात आणि ती कोणी सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही. 'कॅमेरा ऑन करा की, लाजता काय' हे सोबतच्यांनी तर अजिबातच म्हणायचं नाही. मागे दिसणाऱ्या भिंतीवर, देवघरावर, कोणाच्या घरच्यांवर कमेंट नाही. स्क्रीनशॉट काढून स्टिकर बनवणं हा जोक नाही.

माईक मात्र बंदच. झूममध्ये कॉम्प्युटरवर स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता आवाज चालू होतो, सोडला की बंद, ती सवय लावून घ्या. आणि 'आवाज येतोय का' याला एकानेच उत्तर द्या.

झूमच्या चॅटमध्ये मैत्रिणीला खाजगी लिहिलं तर कोणाला दिसतं?

मीटिंग चालू असताना तुमचा खाजगी मेसेज होस्टला दिसत नाही. पण खरा धोका वेगळा आहे, कोणाला पाठवायचं तो पर्याय 'सगळ्यांना' वर राहून जातो आणि 'हा माणूस किती बोअर करतोय' हे त्या माणसासकट ऐंशी जण वाचतात. शिवाय चॅट सेव्ह केली तर ज्याने केली त्याचे स्वतःचे खाजगी मेसेज पण त्या फाईलमध्ये येतात, आणि ती फाईल पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. तासाला सरांची टिंगल करायचीच असेल तर तास संपल्यावर करा.

लिहिलेलं डिलीट केलं की विषय संपला ना?

नाही हो. गुगल क्लासरूममध्ये विद्यार्थ्यांनी उडवलेल्या पोस्ट आणि कमेंट शिक्षकांना बघता येतात. तिथे अजून एक गोष्ट, क्लास कमेंट सगळ्यांना दिसते आणि प्रायव्हेट कमेंट फक्त शिक्षकांना, 'मॅडम माझी फी राहिलीय म्हणून उशीर झाला' हे चुकून क्लास कमेंटमध्ये टाकणारे दर वर्षी असतात, तेव्हा बाकीच्यांनी न वाचल्यासारखं करणं हाच मोठेपणा. मूडलवर (ऑनलाईन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) पोस्ट बदलायला साधारण अर्धा तास मिळतो, नंतर ती जशीच्या तशी लोकांच्या मेलवर जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'हा मेसेज डिलीट केला' ही पाटी राहतेच, आणि स्क्रीनशॉट काढणारे देवाने सगळीकडे ठेवलेत.

ग्रुपमधून नंबर घेऊन पर्सनलवर मेसेज केला तर काय झालं? अभ्यासाचंच विचारायचं होतं.

अभ्यासाचं होतं तर ग्रुपवर विचारायचं ना. हे जरा स्पष्टच सांगते. ग्रुपमधून मुलींचे नंबर उचलून 'हाय', 'जेवलीस का', 'डीपी छान आहे' हे दर बॅचला होतं, आणि ज्या मुलीला ते येतं ती पहिलं काम काय करते तर ग्रुपवर बोलायचं बंद करते. वर्ग तिच्यासाठी तिथेच संपतो. नोट्स पाहिजेत तर ग्रुपवर मागा. खरंच वैयक्तिक काम असेल तर आधी ग्रुपवरच विचारा की तुम्हाला मेसेज केला तर चालेल का, आणि उत्तर आलं नाही तर ते 'नाही' समजायचं.

ज्यांना त्रास होतोय त्यांनी स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, समन्वयकाला सांगा. कॉलेज-विद्यापीठाचा वर्ग असेल तर यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आहेत, २०१६ च्या दुरुस्तीनंतर जात, धर्म, लिंग, भाषा, दिसणं, गाव, पैशाची परिस्थिती यावरून कोणाला छळणं आणि एकटं पाडणं हे पण त्यात येतं. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास.

रात्री साडेअकराला ग्रुपवर शंका टाकली तर?

चर्चेच्या बोर्डवर कधीही टाका, जो तो सवडीने बघतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे फोन वाजतो. सुप्रभात, फॉरवर्ड, मतदान करा, लकी ड्रॉ, यासाठी घरचे ग्रुप आहेत.

वाद पेटलाय, आरक्षणावरून सुरू झालं आता एकमेकांची घरं काढतायत. काय करायचं?

तुम्ही त्यात असाल तर आज उत्तर देऊ नका. त्याच आरएफसी १८५५ मध्ये लिहिलंय की भावनेच्या भरातलं उत्तर एक रात्र थांबून पाठवा, तीस वर्षं झाली, याहून बरा उपाय मला तरी सापडलेला नाही. टाईप करा हवं तर, नोट्समध्ये ठेवा, सकाळी वाचा. सकाळी त्यातल्या दोन ओळी उरतात आणि त्या सहसा कामाच्या असतात.

तुम्ही बाहेरून बघत असाल तर पॉपकॉर्नचा इमोजी टाकू नका. ज्याच्यावर सगळे तुटून पडलेत त्याचा मुद्दा पटत नसला तरी 'त्यांना बोलू द्या' एवढं एक वाक्य लिहा, समन्वयकाला कळवा. विषय अवघड म्हणून टाळायचा असं अजिबात नाही, समाजशास्त्राच्या वर्गात जातीवर नाही बोलायचं तर कुठे बोलायचं, पण 'तुम्ही लोक' हा शब्द आला की समजायचं गाडी घसरली.

मला लिहायची भीती वाटते. नुसतं वाचलं तर चालेल का?

चालेल, सुरुवातीला. मार्क असतील तर लिहावं लागेल, ते वेगळं. एखाद्या पोस्टवर 'हे मला कळलं नाही, परत सांगाल का' एवढं लिहून बघा, यात चुकण्यासारखं काहीच नसतं. 'छान', 'सहमत', 'अगदी बरोबर' याने मात्र काही होत नाही, का सहमत ते एका वाक्यात लिहा.

काही कोर्सला मूडलचा असा फोरम लावतात की स्वतः लिहिल्याशिवाय बाकीच्यांचं दिसतच नाही, मग वैतागून नुसता एक टिंब टाकून आत शिरणारे महाभाग असतात. ते टिंब सगळ्यांना दिसतं, नावासकट.

सरच चुकले तर?

मग सरांना सांगायचं. 'सर, लेक्चरमध्ये तुम्ही रोजगार हमी कायद्याचं वर्ष १९७७ म्हणालात आणि पीपीटीत १९७९ आहे, कायदा झाल्याचं एक आणि लागू झाल्याचं दुसरं असं आहे का?' चांगले शिक्षक यावर खूश होतात. आणि तुमच्यानंतर कोणी असा प्रश्न विचारला तर 'सरांना शिकवतो का' म्हणून त्याच्यावर धावून जाऊ नका, सरांना तुमच्या संरक्षणाची गरज नसते.

कोर्स संपला, ग्रुप सोडताना काही लिहायला हवं का?

नोट्स-बिट्स हव्या असतील त्या आधी उतरवून घ्या. लिहायचं तर दोन ओळी लिहा, कोणाकडून काय शिकलात ते नाव घेऊन. मोठं भाषण नको, कारण ते वाचून बाकीचे पन्नास जण पण भाषण देतात. काहीच न लिहिता निघालात तरी कोणी रागावत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आता तुम्ही बाहेर पडल्याचं नोटिफिकेशन फक्त अ‍ॅडमिनला जातं.